जंगल राखायचं तर पाण्याची वाट राखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीच्या पूरमैदानातलं सत्तर एकरांचं जंगल तुमच्या कुटुंबाच्या मालकीचं आहे आणि ते आता निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं आहे. वर्षातून एक-दोनदा नदी आत शिरते, आठवडाभर पाणी राहतं, ओसरल्यावर दहा-वीस मोठी झाडं आडवी झालेली दिसतात. तेव्हा काठावर मातीचा बांध घालावा का, पडलेली झाडं उचलावीत का, मोकळ्या जागी रोपं लावावीत का, आणि तुमच्यानंतर कुणी जमीन विकली तर काय?

बांध घालू नका. पडलेली झाडं जवळजवळ सगळी राहू द्या. रोपं लावायची घाई करू नका. चौथ्या प्रश्नावर मात्र आजपासून काम सुरू करा, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. मी बरीच वर्षं नदीकाठच्या जंगलांच्या व्यवस्थापनाचं काम करते आहे. जमीनमालकांची सगळ्यात मोठी चूक चांगल्या हेतूपोटीच होते, असा माझा अनुभव आहे. पूर म्हणजे जंगलावरचं संकट, असं ते धरून चालतात.

पूरमैदानातली झाडं पूर निव्वळ सोसत नाहीत, ती पुरावर जगतात. दरवर्षी येणारा गाळ हे त्यांचं खत. बिया पाण्यावर तरंगत येतात आणि पाणी उतरताना जिथे अडकतात तिथे रुजतात. जुन्या पात्राचे तुटलेले तुकडे, डोह, खोलगट ओहोळ यांत पुराबरोबर मासे शिरतात, अंडी घालतात आणि पाणी उतरताना पिल्लं नदीत परततात. जंक, बेली आणि स्पार्क्स या तिघा शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हे नीट मांडलं: नदी आणि तिचं पूरमैदान ही एकच व्यवस्था आहे आणि पाण्याचं नियमित चढणं-उतरणं हा तिचा श्वास आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ‘वार्झिया’, म्हणजे दरवर्षी पुराखाली जाणारी जंगलं पाहिली की हे पटतं. ब्राझीलमधल्या मामिराउआ भागात पाणी वर्षाकाठी दहा मीटर किंवा त्याहून अधिक चढतं. तांबाकी नावाचा मोठा मासा तेव्हा थेट झाडांमध्ये पोहत येतो, पाण्यात पडलेली फळं खातो आणि त्यांच्या बिया दूरवर पोचवतो. तिथली पुष्कळ झाडं पुराच्या काळात वाढ थांबवतात, त्यामुळे त्यांच्या खोडात वर्षागणिक वलयं उमटतात. त्या झाडांना पूर म्हणजे ऋतूच आहे.

आता बांधाचं काय होतं ते सांगते. मातीचा बांध छोट्या पुराला अडवतो, मोठा पूर त्याच्यावरून आत येतो. आत आलेलं पाणी मग बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे वाहतं पाणी बंद होतं आणि साचलेलं पाणी पदरात पडतं. या दोन पाण्यांत झाडाच्या दृष्टीनं फार फरक आहे. वाहत्या पाण्यात प्राणवायू असतो. साचलेल्या, उन्हानं तापलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि मुळं गुदमरतात. झाडं निष्पर्ण असताना आठवडाभर पाणी राहिलं तर बहुतेकांना काही होत नाही, पण भर वाढीच्या दिवसांत तेवढंच पाणी साचून राहिलं तर चांगली पोसलेली झाडंही शेंड्याकडून वाळू लागतात.

हे मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकले. एका राखीव जंगलात पाहणीसाठी वर्षभर चालता यावं म्हणून आम्ही गुडघाभर उंचीचा भराव घालून पायवाट केली. पाण्यासाठी खालून दोन पाइप टाकले, तेवढे पुरेसे वाटले. पहिल्याच पुरात दोन्ही पाइप पाल्यानं आणि काटक्यांनी तुंबले. पायवाटेच्या एका अंगाला पाणी तीन आठवडे उभं राहिलं. तिसऱ्या वर्षी त्या अंगाच्या झाडांचे शेंडे उघडे पडले, पलीकडची झाडं मात्र हिरवीगार. मध्ये अंतर होतं फक्त त्या पायवाटेच्या रुंदीचं. शेवटी भराव पाच ठिकाणी फोडला आणि मूळ जमिनीच्या पातळीपर्यंत खाली आणला. काही झाडं सावरली, काही नाही. तेव्हापासून मी पूरमैदानात भराव टाकायला कुणालाच सांगत नाही. चालायला वाट हवीच असेल तर खांबांवर फळ्यांची करावी, खालून पाणी मोकळं राहतं.

तुम्ही काठाच्या बांधाची चिंता करताय, पण माझी खरी चिंता वेगळी आहे. पूर येणं बंद तर होत नाहीये ना? अशा जंगलाचा मृत्यू बहुतेक वेळा पाण्याच्या अभावानं होतो, आणि तो दिसत नाही. नदी सरळ केली, काठ दगडांनी बांधले, वर धरण झालं, तळातून वाळू उपसली, की नदीचा तळ खोल जातो. नदी खाली गेली की काठावरचं भूजल तिच्यामागे खाली जातं. ऱ्हाइन नदीच्या वरच्या भागात १८१७ ते १८७६ या काळात योहान टुल्ला या अभियंत्याच्या आराखड्यानुसार वळणं छाटून पात्र सरळ केलं गेलं. पुढच्या काळात पात्र खोल गेलं, भूजल उतरलं आणि काठच्या जंगलांचे मोठे पट्टे कोरडे पडले. व्हिएन्नाच्या खालच्या अंगाला डॅन्यूबचा तळ वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरनं खोल जात होता. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण पन्नास वर्षांत तो मीटरभर होतो.

यात फसगत कशी होते? जुनी झाडं उभीच असतात. त्यांची मुळं खोल गेलेली असतात, त्यांना शंभर वर्षं लोटली तरी ती हिरवी राहतात. बघणारा म्हणतो, जंगल छान आहे. म्हणून मी अशा जंगलात गेले की वर बघत नाही, आधी खाली बघते. ज्या जातीची मोठी झाडं आहेत, त्याच जातीची मांडीएवढ्या जाडीची, मनगटाएवढी, बोटाएवढी झाडं आहेत का? एखाद्या जातीची फक्त म्हातारी झाडं उरली असतील, तर तिथे पाण्याचं काहीतरी बिघडलं आहे किंवा चरणारी जनावरं सगळी रोपं खात आहेत. तुम्ही येत्या महिन्यात एवढं एक काम कराच. वही घेऊन फिरा आणि प्रत्येक जातीची तरुण झाडं मोजा.

त्याबरोबर नदीपासून आत जाणाऱ्या एका रेषेवर तीन ठिकाणी भोकं पाडलेले पाइप जमिनीत उतरवा आणि महिन्यातून दोनदा आतली पाणपातळी मोजा. काम स्वस्त आहे, पण नेमानं करावं लागतं. दोन-तीन वर्षांत तुम्हाला कळेल की तुमच्या जंगलाचं भूजल नदीबरोबर चढतं-उतरतं की तिच्यापासून तुटलं आहे. ही नोंद पुढे पाटबंधारे खात्याशी किंवा धरण चालवणाऱ्यांशी बोलताना तुमचं सर्वांत मोठं हत्यार ठरते. पाणी कधी सोडतात यालाही महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर शेतीसाठी पाणी साठवून उन्हाळ्यात सोडलं जाऊ लागलं आणि तिथल्या लाल निलगिरीच्या जंगलांना हिवाळ्या-वसंतातला नैसर्गिक पूर मिळेनासा झाला. वर्षभराची बेरीज तेवढीच असली तरी चुकीच्या ऋतूतलं पाणी जंगलाच्या उपयोगी पडत नाही.

खासगी मालकी असूनही पाण्याची वाट पुन्हा उघडता येते, याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण ऑस्ट्रियातलं आहे. डिसेंबर १९८४ मध्ये हाइनबुर्गजवळ जलविद्युत प्रकल्पासाठी डॅन्यूबकाठचं जंगल तोडायचं ठरलं, तेव्हा हजारो लोक कडाक्याच्या थंडीत जंगलात जाऊन बसले आणि काम थांबलं. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेनं लोकवर्गणीतून रेगेल्सब्रुन इथलं ४११ हेक्टर जंगल विकत घेतलं. पण खरेदीखतानं जंगलात पाणी येत नाही. तिथली जुनी उपपात्रं एकोणिसाव्या शतकातल्या बांधकामानं मुख्य नदीपासून तोडलेली होती. १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच सुमारास काठाचे काही भाग खाली उतरवून, आडवे बांध फोडून नदीला आत यायला वाट करून दिली. उपपात्रांतून पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिवस वाहू लागलं. तुमच्या जंगलात असा जुना, बुजलेला ओहोळ असेल तर तो शोधा. पूर चढताना पाणी सर्वांत आधी कुठून आत येतं तिथे उभं राहून बघा. त्या तोंडाशी कुणी माती टाकू नये, कुंपण घालू नये, ओंडके रचू नयेत. तुमच्या सत्तर एकरांतली सर्वांत मोलाची जागा बहुधा तीच असेल.

पडलेल्या झाडांबद्दल माझं मन अगदी स्वच्छ आहे. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळानं अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या काँगरीच्या जंगलात कित्येक महाकाय झाडं आडवी केली. ती तिथेच राहू दिली. छतात पडलेल्या भगदाडांतून ऊन खाली आलं, नवी झाडी वर आली, कुजत्या खोडांत किडे, बुरशी, त्यांच्यामागे सुतारपक्षी आणि वटवाघळं आली. ऑस्ट्रियातल्या मार्शेग इथलं मोरावा नदीकाठचं जंगल डब्ल्यूडब्ल्यूएफनं १९७० मध्ये घेतलं. तिथे पांढरे करकोचे जुन्या ओकच्या झाडांवर वसाहतीनं घरटी करतात. घरट्याला लागतात ती वाळक्या, पसरट शेंड्यांची म्हातारी झाडं. लाकूडतोड्याच्या हिशेबात ती केव्हाच निकामी ठरली असती.

एका पडलेल्या विलोजवळ मी तीन वर्षं दर पुरानंतर जात असे. झाड मुळासकट उपटलं नव्हतं, अर्धी मुळं मातीत होती. पहिल्या वर्षी आडव्या खोडावर ओळीनं नऊ सरळ फुटवे उभे राहिले. दुसऱ्या पुरात खोडाच्या मागे, पाण्याचा वेग मंदावतो तिथे, वीतभर बारीक गाळ बसला. तिसऱ्या वर्षी त्या गाळावर चार वेगळ्या जातींची रोपं होती. त्यातली एक जात मला त्या परिसरात दुसरीकडे कुठे दिसली नव्हती, तिचं बी वरून कुठून तरी वाहून आलं असणार. ते झाड पहिल्याच वर्षी ‘सफाई’त गेलं असतं, तर तिथे नुसता उघडा उतार राहिला असता.

अपवाद दोनच. पायवाटेवर लोंबणारं धोकादायक झाड कापा, पण खोड बाजूला जमिनीवरच ठेवा. आणि खाली जवळच पूल असेल तर पुरात सुटे ओंडके वाहून त्याच्या खांबांत अडकू शकतात. अशा वेळी काठालगतचे सुटे ओंडके आत ओढून जिवंत झाडांच्या मागे टेकवून ठेवा. पुलाची देखभाल करणाऱ्यांना आधी भेटून हे ठरवलं तर पुढची भांडणं टळतात.

लागवडीच्या मोहाचं कारण मला समजतं. मोकळी जागा बघवत नाही. पण पुरानं मोकळी केलेली ओली, उघडी, गाळाची जमीन हीच विलो आणि पॉप्लरसारख्या झाडांच्या बियांना हवी असते. त्यांचं बी कापसासारखं हलकं, जेमतेम काही दिवस-आठवडे जिवंत राहणारं. ते पडतं तेव्हा जमीन नुकतीच उघडी झालेली हवी, आणि नंतर पाणपातळी इतक्या हळू उतरायला हवी की कोवळं मूळ तिचा पाठलाग करू शकेल. पॉप्लरच्या रोपांसाठी दिवसाला अडीच सेंटीमीटर ही साधारण मर्यादा धरतात. त्याहून वेगानं पाणी उतरलं, उदाहरणार्थ धरणाचे दरवाजे एकदम बंद केले, की सगळी रोपं दोन-चार दिवसांत करपतात. पाण्यात उभं राहणारं बाल्ड सायप्रस हे अमेरिकी झाडसुद्धा पाण्याखाली रुजत नाही. त्याच्या बीला उघडी ओली जमीन लागते, आणि पुढच्या पुराआधी रोपाचं डोकं पाण्यावर येईल एवढी वाढ लागते. अशी संधी दरवर्षी येत नाही, कधी पाच वर्षांतून, कधी दहा वर्षांतून एकदा येते. म्हणून पूरमैदानात झाडं वयानुसार पट्ट्यापट्ट्यांनी उभी दिसतात. तुम्ही मोकळ्या जागेत खड्डे घेऊन रोपवाटिकेतली रोपं लावलीत तर नदीनं तयार केलेला वाफा आपल्या हातानं मोडाल.

लागवड करावी लागते अशाही जागा असतात. वर्षानुवर्षं शेती किंवा कुरण असलेल्या, दाट गवतानं झाकलेल्या आणि बी देणारी झाडं जवळ नसलेल्या जमिनीवर जंगल आपोआप परतायला फार काळ घेतं. जर्मनीत लेन्त्सेन इथे एल्ब नदीचा बांध मागे सरकवून २००९ च्या सुमारास ४२० हेक्टर जमीन पुन्हा पुरासाठी मोकळी केली, तिथे काही भागात झाडं लावावी लागली. लावायचीच असतील तर एकाच जातीची कधीही लावू नका. युरोपातल्या पूरमैदानी जंगलांचे तीन मुख्य वृक्ष म्हणजे ओक, एल्म आणि ॲश. बुरशीजन्य रोगांनी एल्म आधीच गेला, आता ॲश चालला आहे. जिथे जातींची मिसळ होती तिथली जंगलं उभी आहेत.

तणांबद्दल थोडक्यात. पूर चांगलं बी आणतो तसं नको असलेलंही आणतो, त्यामुळे हे काम कधी संपत नाही. सुरुवात जंगलाच्या वरच्या टोकापासून करा, खालून उपटत आलात तर वरचं बी पुन्हा खाली येतं. हिमालयन बाल्समसारखी वर्षायू झाडं शेंगा धरण्याआधी उपटली तर दोन-तीन वर्षांत आटोक्यात येतात. जपानी नॉटवीडसारखी गड्ड्यावर वाढणारी असतील तर कापणी यंत्र लावू नका. बोटभर तुकडा वाहून गेला तरी खाली नवी बेटं तयार होतात.

आता मालकीचा प्रश्न, आणि पुन्हा काँगरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस बाइडलर यांच्या लाकूड कंपनीनं तिथली जमीन घेतली. तोड सुरू झाली, पण जमिनीवरून जाता येईना, ओंडके नदीतून न्यावे लागत, आणि सततच्या ओलीमुळे पुष्कळ लाकूड इतकं ओलं राहत असे की ते तरंगेचना. काही वर्षांतच तोड थांबली. ते जंगल आधी पुरानं राखलं आणि नंतर मालकांच्या सबुरीनं. पुढची पन्नास वर्षं ते तसंच राहिलं. हॅरी हॅम्प्टन या पत्रकारानं १९५० च्या दशकापासून त्याच्या संरक्षणासाठी लिहिलं. पण १९६९ मध्ये लाकडाचे भाव चढले आणि तोड पुन्हा सुरू झाली. लोकांनी मोहीम उभारली, १९७६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं आणि २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यान. तुम्ही भली माणसं आहात यात मला शंका नाही, पण तुमचा भलेपणा वारसाहक्कानं पुढे जाईलच असं धरून चालू नका.

जाहीरनाम्यात ‘राखीव’ लिहिलं आहे, तेवढ्यावर विसंबू नका. विक्रीनंतरही बंधन टिकतं का, हे वकिलाकडून लेखी घ्या. अमेरिकेत मालक जमीन आपल्याकडेच ठेवून तोडीचा आणि बांधकामाचा हक्क करारानं कायमचा सोडतो, तो हक्क भूमी-न्यास, म्हणजे जमिनी जपणारी संस्था, सांभाळतो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला करार लागू राहतो. ब्राझीलमध्ये मालकाच्या इच्छेनं खासगी राखीव क्षेत्र कायमस्वरूपी जाहीर होतं आणि त्याची नोंद मालमत्तेच्या दप्तरात होते. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं ‘कम्युनिटी रिझर्व्ह’ आलं. मालक स्वतः पुढे आला तर खासगी जमीनही त्यात जाहीर होऊ शकते, आणि मग व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. कोणताही मार्ग घ्या, पण करारात झाडांबरोबर पाण्याचाही उल्लेख हवा: भराव नाही, चर खोदून निचरा नाही, ओहोळाचं तोंड बुजवणं नाही, काठाला दगडी बांधणी नाही. फक्त ‘वृक्षतोड बंदी’ लिहिलेले करार मी पाहिले आहेत. तिथे एकही झाड न तोडता नुसते चर खोदून जंगल सुकवता येतं.

हद्दीचं एक कलम आवर्जून घाला. नदी काठ कुरतडते आणि पलीकडे गाळ टाकते. रोमन कायद्यापासून चालत आलेला आणि अनेक देशांत मानला जाणारा नियम असा, की हळूहळू पडलेल्या गाळानं जमीन वाढली तर ती काठाच्या मालकाची, पण नदीनं एका पुरात एकदम पात्र बदललं तर हद्द जुन्याच जागी राहते. तुमच्याकडे काय लागू आहे ते आधीच विचारा. नाहीतर पहिला पाच एकरांचा लचका गेला की कुटुंबातलंच कुणीतरी दगडी भिंत बांधायला निघेल, आणि ती भिंत त्या बांधाहून वाईट.

शेजाऱ्यांना आजच भेटा. तुमच्या जंगलामुळे आपल्या शेतात पाणी चढतं असं त्यांना वाटत असेल, तर तुमचे पातळीचे आकडे त्यांना दाखवा. जंगलात पसरलेलं पाणी खालच्या गावांवरचा चढ थोडा उतरवतं, पण सत्तर एकर एवढ्या मोठ्या नदीचा पूर अडवतील असं वचन मात्र देऊ नका.

पुढचा पूर येण्याआधी वेगवेगळ्या उंचीच्या जागी सहा-सात झाडं निवडा आणि त्यांवर क्रमांक टाका. पाणी उतरेल त्याच दिवशी आत जा. खोडांवर गाळाची फिकट, आडवी रेघ दिसेल, ती पुढच्या पावसात धुऊन जाते. त्याआधी तिच्यावर रंगानं बारीक खूण करा, शेजारी तारीख लिहा, आणि जमिनीपासून ती किती उंच आहे ते मोजून वहीत टिपा.